सगळ्यात हळू माणूस पुढे

"गाडी थेट वर चंद्रनाथाच्या देवळाजवळ जाते, मग चालत कशाला?" हा प्रश्न गेल्या पंधरा दिवसांत मला किमान दहा जणांनी विचारला. त्यात माझी बायको, आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, आणि मासळीवाली हे तिघेही आले. उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मुलांनी ठरवलं आणि मी मान डोलावली, एवढंच.

माझी ओळख करून द्यायची तर वय ६६, वजन ९१ किलो, उंची फार सांगण्यासारखी नाही. साखर बारा वर्षांची जुनी आणि उजवा गुडघा पावसाळ्याची वर्दी आधीच देतो. वीज खात्यात उभा जन्म काढला. सत्तरी तालुक्यात बदली असताना पट्टा बांधून खांबावर चढणारा मीच होतो, हे आज माझं पोट पाहून कुणाला खरं वाटत नाही. निवृत्तीनंतर आठ वर्षांत माझी सगळ्यात मोठी चढण म्हणजे आमच्या फोंड्याच्या घराचा जिना, तोही दिवसातून एकदाच.

थोरली पुण्याला असते, शनिवार-रविवार किल्ल्यांवर. धाकटा बेंगळुरूला, जिममध्ये आरशासमोर. डिसेंबरात दोघं एकदम घरी आले आणि जेवताना विषय निघाला, बाबांना घेऊन डोंगर चढायचा. थोरलीचा डोळा सत्तरीतल्या उंच शिखरांवर होता. ती म्हादई अभयारण्यात येतात, वनखात्याची परवानगी लागते, असं सांगून मी तो डाव मोडला. धाकट्याने रुळांवरून चालत दूधसागर सुचवला. त्याला बंदी आहे. "दंड बापाच्या पेन्शनीतून जाईल," म्हटल्यावर तो गप्प झाला. शेवटी मीच फसलो. म्हटलं, चंद्रनाथ पर्वत बरा. गोव्यात त्याला पर्वत म्हणतात, पण उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास.

"बाबा, कळसूबाई १,६४६ मीटर आहे," थोरली म्हणाली.

"मग मी तिचा पाचवा हिस्सा चढतो. वय तुझ्या दुप्पट आहे, हिशेब जमतो."

दिवस पहिला, फर्मागुडी

सराव म्हणून संध्याकाळी फोंड्याहून फर्मागुडीपर्यंत चालत जायचं ठरलं. हा चढ मी स्कूटरवरून हजारदा केलाय. पायी गेल्यावर कळलं की तो खरोखरच चढ आहे.

इथे एक कबुली देतो. धाप लागली की मी थांबायचो, पण धाप लागली म्हणून थांबलो असं दिसू द्यायचं नव्हतं. त्यामुळे खांब आला की मी मान वर करून इन्सुलेटर पाहायचो. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आली की जास्तच बारकाईने. एका ठिकाणी जम्पर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा, सैल आहे म्हणून दोन मिनिटं मुलांना समजावून सांगितलं. जम्पर अगदी ठीक होता.

चौथ्या खांबाला धाकटा म्हणाला, "बाबा, तुम्ही निवृत्त झालात ना?"

गोपाळ गणपतीच्या देवळात पोचलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. बांदोडकरांनी बांधलेलं हे देऊळ आम्हा फोंडेकरांना घरच्यासारखं. मी पायरीवर बसून घेतलं, मुलं आत जाऊन आली. परत येताना उतार, त्यामुळे मी तोंडभर बोललो. घरी बायकोने विचारलं, "कसे चालले?" थोरली म्हणाली, "विजेचे सगळे खांब तपासून आलो."

दिवस दुसरा, चांदर, उसगाळीमळ, केपे

सकाळी बोरीच्या पुलावरून मडगावच्या दिशेने. मुक्काम केप्याला माझ्या साडूंकडे, कारण पहाटे डोंगराच्या पायथ्याशी असायचं तर फोंड्याहून निघणं शक्य नव्हतं. निदान माझ्या बायकोला शक्य नव्हतं.

वाटेत चांदरला उतरलो. लोक इथे मोठमोठी पोर्तुगीजकालीन घरं पाहायला येतात. मला पाहायचा होता कोटातला, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या जागेतला, नंदी. मुंडकं नसलेला, दगडी, एका कोपऱ्यात बसलेला. हे गाव म्हणजे जुनं चंद्रपूर, भोज राजांची राजधानी. चंद्रपूर हे नाव ज्या चंद्रनाथावरून पडलं म्हणतात, तोच आम्ही दुसऱ्या दिवशी चढणार होतो. भोजांनंतर कदंबांनीही काही काळ इथूनच राज्य केलं आणि मग राजधानी झुवारीकाठच्या गोपकपट्टणाला हलवली. आता शेताडीत चार दगड आणि एक बिनडोक्याचा नंदी. धाकट्याने त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, "हा तरी बसून आहे. याला कुणी चढ म्हणत नाही." पोरगा माझ्यावर गेलाय.

दुपारी रिवणजवळ उसगाळीमळ. कुशावतीच्या काठावर जांभ्या दगडाचं मोठं सपाट अंगण आणि त्यावर कोरलेले बैल, हरणं, माणसं. ही चित्रं किती जुनी याबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, पण हजारो वर्षांची हे नक्की. अभ्यासकांच्या नजरेत ती आली १९९३ मध्ये. गावकरी अर्थातच त्याआधीपासून त्यांच्यावरून चालत होते. उन्हात रेघा दिसत नव्हत्या. तिथल्या एका माणसाने तांब्यातून पाणी ओतलं आणि एकदम बैलाची शिंगं वर आली. पुढे एक वर्तुळात वर्तुळ असलेला चक्रव्यूह आहे. थोरली त्याच्या रेघेवरून बोट फिरवत आत शिरली आणि बाहेर पडायला विसरली, इतका वेळ. मी झाडाखाली बसलो होतो. बसायला जागा मिळाली की मला इतिहास फार आवडतो.

साडू ७१ वर्षांचे. सुक्या सुंगटासारखे, म्हणजे कोळंबीसारखे, वाळलेले, काटक, रोज पहाटे तासभर चालणारे. मला पाहून म्हणाले, "उद्या तुम्ही चढणार? चालत?" त्यातल्या 'चालत'वर त्यांनी जो जोर दिला तो मला रात्रभर टोचला. मेहुणीने बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण, आणि उकडा भात केला होता. कमी खायचं ठरवून बसलो होतो. ठरवून बसलो होतो, एवढंच लिहितो.

बायकोने स्वतःचा बेत जाहीर केला. "मी भावोजींबरोबर गाडीने येते. पोचलात की फोन करा. नाही पोचलात तरी करा."

दिवस तिसरा, चंद्रनाथ

पावणेपाचला उठलो. मेहुणीने पेज करून ठेवली होती, सोबत तोराचं, म्हणजे कोवळ्या कैरीचं, लोणचं. पण पहाटे पोटात काही जाईना. दोन चमचे पेज घेतली, साखर उतरवायची गोळी मात्र नेहमीप्रमाणे गिळली. ही घोडचूक. गोळी घेऊन उपाशी चढायचं नसतं, हे मला डॉक्टरने सांगितलं होतं, थोरलीने सांगितलं होतं आणि बारा वर्षं मी इतरांनाही सांगत आलोय.

पारोड्याला पायथ्याशी साडेसहाला उतरलो. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. कुशावतीवर धुकं पसरलं होतं. पावसाळ्यात हीच नदी पारोड्याचा रस्ता पाण्याखाली घालते आणि मडगाव-केपे वाहतूक दुसरीकडून वळवावी लागते. आता ती शहाण्या मुलीसारखी झोपली होती. साडूंनी मला एक बांबूचा दांडा दिला, "घ्या, लाज वाटून घेऊ नका," म्हणाले आणि गाडी वळवून चहा प्यायला परत गेले.

वाट म्हणजे वर जाणारा डांबरी रस्ताच. दोन्ही बाजूंना रान, मध्येच काजू, जांभ्याचे कापलेले कडे. दगड ओला असला की त्याला एक वास येतो, गंजलेल्या लोखंडासारखा. पहिली दहा मिनिटं मी फार छान चाललो. मग छातीत भाता सुरू झाला.

पण खांब होते. देवळात वीज गेलीय म्हणजे लाइन असणारच, आणि ती काही अंतर रस्त्याला धरून होती. दोन खांबांत साधारण पन्नास मीटर. मी मनातल्या मनात आराखडा केला: तीन खांब चालायचं, चौथ्याला टेकून उभं राहायचं. आता नाटक नव्हतं. उघडपणे खांबाला हात लावून उभा राहायचो. माझ्या सगळ्या नोकरीत एखाद्या खांबाने मला इतका आधार दिल्याचं आठवत नाही.

गोची झाली वळणांवर. रस्ता वळसे घेतो, लाइन घेत नाही. पहिलं मोठं वळण आलं आणि तारा रस्ता सोडून झाडांवरून सरळ वर चढून गेल्या. माझं मोजमाप गेलं.

मुलं पुढे होती. चालणाऱ्या कुणीही हे अनुभवलं असेल, पण मला साठी उलटल्यावर कळलं. पुढचे लोक चालतात, मग तुमच्यासाठी थांबतात. दगडावर बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. तुम्ही धापा टाकत कसेबसे त्यांच्यापर्यंत पोचता आणि ते म्हणतात, "आले बाबा, चला." म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नाही त्यांना ती दर वळणावर मिळते आणि ज्याला गरज आहे त्याला एकदाही नाही. त्यांचं मन चांगलं होतं. थांबायचे ते माझ्यासाठीच. पण ते थांबलेत हे खालून दिसलं की मी पाय जास्तच ओढायचो, ताटकळत ठेवायला नको म्हणून. असं चार वेळा झालं.

पाचव्या वेळी हात थरथरायला लागले. आधी वाटलं थंडी. मग कपाळावर गार घाम आला, आणि समोरच्या रस्त्याची कड हलतेय असं वाटलं. मला राग येत होता, कशाचा ते कळत नव्हतं. धाकट्याने बाटली पुढे केली तर मी ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली. थोरलीने माझा चेहरा पाहिला आणि तिथेच कठड्यावर बसवलं. बोटाला सुई टोचली. मशीनवर साखर ५८, फारच खाली.

धाकटा शेंगदाण्याची चिक्की काढत होता. थोरली म्हणाली, "ती नको, तिला वेळ लागतो," आणि घरून बांधून आणलेल्या पुडीतली तीन चमचे साखर पाण्यात ढवळून मला पाजली. मग पंधरा मिनिटं थांबायचं. त्या पंधरा मिनिटांत तिघांपैकी कुणीच बोललं नाही. खाली दरीत कुठलातरी पक्षी एकच सूर धरून बसला होता. फुलांच्या टोपल्या घेतलेली एक गाडी वर चालली होती, ती थांबली. ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, "बसतात, काका? जागा असा."

धाकटा लगेच दार उघडायला गेला. "बाबा, पुरे. चला, बसा."

मी थोरलीकडे पाहिलं. ती मशीनकडे पाहत होती. पुन्हा टोचलं, ९४. ती म्हणाली, "आधी काहीतरी खा. मग तुम्हीच ठरवा." गाडी गेली. मी दोन केळी आणि चिक्की खाल्ली. गाडीत बसलो नाही ते उगाच शूरपणा म्हणून नव्हे. खरं कारण असं की वर बायको आणि साडू असणार होते, आणि फुलांच्या टोपल्यांमध्ये बसून उतरण्यापेक्षा मला अजून एक तास उशीर परवडला असता.

मग थोरलीने एक नियम काढला. किल्ल्यांवर मोठ्या गटात ते तसंच करतात म्हणे. "सगळ्यात हळू माणूस पुढे. त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. त्याला बोलता येईल एवढ्याच वेगाने चालायचं. बोलणं तुटलं की वेग जास्त झाला."

धाकटा कुरकुरला. पहिली दोनशे पावलं तो माझ्या टाचेवर पाय देत होता. पण चाल बदलली हे खरं. समोर कुणी थांबलेलं नव्हतं. मला वाटेल तिथे मी उभा राहायचो आणि मागे आपोआप दोघेही उभे राहायचे. खांब नसला तरी चालत होतं.

आणि एक गंमत झाली. पुढे चालणाऱ्याच्या पाठीला कान असतात हे मुलं विसरली. थोड्या वेळाने त्यांचं आपापसात सुरू झालं. धाकट्याच्या ऑफिसातलं राजकारण, कुणाचं तरी लग्न, थोरलीच्या घराचा हप्ता. मग आवाज खाली गेला. खाली गेलेला आवाज जास्त नीट ऐकू येतो.

"आज आईबरोबर एकटे असते तर?"

"आईला साखरेचं माहीत आहे."

"माहीत आहे रे. पण पडले असते तर तिने उचललं असतं? ९१ किलो?"

"मी घरून काम मागू का? महिन्यातले दहा दिवस तरी?"

"तू दहा, मी आठवडाभर. पण त्यांना सांगायचं नाही. सांगितलं की नको म्हणतील."

मी मागे वळलो नाही. दांडा टेकत चालत राहिलो. पुढच्या वळणावर तारा झाडांतून परत रस्त्यावर आल्या, खांब दिसला. टेकलो आणि म्हटलं, "हा खांब वाकलाय. पाया नीट भरलेला नाही." या वेळी तो खरोखरच वाकला होता.

रस्ता संपतो तिथून पायऱ्या. मोजायला सुरुवात केली होती, मध्ये कुठेतरी आकडे श्वासात हरवले. पायऱ्यांवर नियम आणखी सोपा झाला: पाच पायऱ्या, मग थांबा. एक म्हातारी बाई, माझ्याहून मोठी, नऊवारीत, हातात नारळाची पिशवी, मला ओलांडून वर गेली आणि जाताना म्हणाली, "सावकाश, देव खंय वचना." देव कुठे जात नाही. ते ऐकून धाकटा इतका हसला की तोही थांबला.

वर बायको पायरीवर सावलीत बसली होती, शाल घेऊन. घड्याळ पाहत म्हणाली, "मी दोनदा देवदर्शन केलं." मग माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि थोरलीला बाजूला घेऊन गेली. दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही. परतल्यावर तिने मला शाल दिली, मला घाम येत असताना.

देऊळ चंद्रेश्वर भूतनाथाचं. लिंग डोंगराच्या मूळ खडकातच कोरलेलं आहे. पौर्णिमेला चंद्राचा प्रकाश गाभाऱ्यात लिंगावर पडतो आणि लिंगाला पाझर फुटतो अशी श्रद्धा आहे. आमची वेळ सकाळी सव्वानऊची, त्यामुळे पाझर फक्त मला फुटलेला. आत गारवा होता. जमिनीवर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. पुजाऱ्याने तीर्थ दिलं, गुळाचा प्रसाद दिला. थोरलीने तोही मोजून माझ्या हातावर ठेवला.

बाहेर कठड्यावरून पश्चिमेला सगळा साष्टी तालुका पसरलेला. शेतं, माड, त्यात पांढरे ठिपके म्हणजे चर्च, आणि पार शेवटी धुरकट रेघ, समुद्र. थोरली बोट दाखवून सांगत होती, तो चांदरचा भाग. मला काही चांदर दिसलं नाही, पण हो म्हटलं. साडू शेजारी उभे होते. हात मागे बांधून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी रोज सपाटीवरच चालतो, बरं का. हे कधी चढलो नाही." मला इतका आनंद व्हायला नको होता, पण झाला.

उतरताना मी साडूंच्या गाडीत बसलो. उतारावर गुडघ्यावर चढापेक्षा जास्त भार येतो, हे शास्त्र मी सगळ्यांना समजावून सांगितलं. चढायचं ठरलं होतं, उतरायचं कुठे ठरलं होतं? धाकटा मात्र दाखवायला म्हणून पळत उतरला. आम्ही पारोड्याला चहा पीत होतो तेव्हा तो घामाघूम येऊन पोचला आणि विजयी मुद्रेने दोन सामोसे खाल्ले.

दिवस चौथा, फोंडा

पोटऱ्या दुखतात, बाकी मी ठीक. धाकट्याला मात्र जिना उतरता येईना. जिममधल्या मांड्या उताराला फसल्या. कठडा धरून, आडवा होऊन, खेकड्यासारखा एकेक पायरी उतरत होता. मी खाली खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत होतो आणि दर पायरीला पान उलटत होतो.

दुपारी मांदेलीचं तिखलं. बस, दिवसभरात दुसरं काही झालं नाही.

दिवस पाचवा, मडगाव

थोरलीला गोवा एक्सप्रेसने पुण्याला जायचं होतं, धाकट्याची रात्रीची बस. दोघांना सोडायला मीही मडगावला गेलो. कालपासून दोघंही मला घरून काम वगैरे काही सांगत नाहीत आणि मीही काही विचारत नाही. फक्त सकाळी थोरली कॅलेंडरसमोर उभी राहून बायकोशी फेब्रुवारीबद्दल कुजबुजत होती.

स्टेशनवर पलीकडच्या फलाटावर जायचं होतं. पुलाच्या जिन्याशी तोबा गर्दी. नाताळची सुट्टी संपलेली, बॅगा, पिशव्या, काजूचे डबे, पाठीवर झोपलेली पोरं. थोरली दोन बॅगा घेऊन पहिल्या पायरीशी थांबली. धाकटाही थांबला. मागचा माणूस तिच्यावर आदळला.

"चला ना, काय झालं?" तो म्हणाला.

"एक मिनिट," थोरली म्हणाली आणि मला हाताने पुढे केलं. "बाबा, तुम्ही पुढे."

मी कठडा धरला. मागे अख्खं मडगाव स्टेशन खोळंबलं होतं. पाच पायऱ्या चढलो आणि थांबलो.